कंगव्याचा शेवटचा दात

लातूर,
आषाढ वद्य पंचमी, शके १८६७

चिरंजीव रेणुकादास,

आशीर्वाद तुला आहेतच. ते लिहिण्यात शाई घालवत नाही, कारण विचारायचं पुष्कळ आहे.

तुझ्या आईचं कार्ड आलं. माझी बहीण लहानपणापासून मोजकं लिहिते. "दादा, तुमच्या भाच्यानं मुंबईहून लोखंडाचं एक धूड आणलंय. पडवीत बसवलंय. त्याला लांब दांडा हाय. दांडा ओढला की कंगवा निघतो म्हणे. अजून निघालेला न्हाई." एवढंच. वाचून मी हसलो आणि मग हसू आवरलं, कारण त्याच टपालानं तुझ्या वडिलांचंही पत्र आलं होतं.

तुझ्या नानांचं, शेषेरावांचं पत्र म्हणजे कचेरीचा हुकूमच. ते लिहितात, तुमच्या शब्दाखातर चिरंजीवांना दसऱ्यापर्यंत मोहलत दिली आहे. दसऱ्याला सगळे दात शाबूत असलेला एक कंगवा माझ्या तळहातावर ठेवावा. न ठेवल्यास यंत्र मोडीत जाईल आणि चिरंजीव जळकोटच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू होतील. जागेची तजवीज झालेली आहे.

माझा शब्द खरा आहे. गेल्या वैशाखात तू मुंबईच्या कारखान्यातून सुट्टीवर आला होतास. माझ्या ओसरीवर बसून, वितळलेला रस साच्यात जाऊन क्षणात वस्तू कशी होते ते सांगताना तुझे डोळे मी पाहिले होते. वर्गात एखादं पोर पहिल्यांदा कविता समजल्यावर असं बघतं. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या ओळी पोरांकडून घोकून घेतल्या. आपल्या घरात कुणी एक नवी वस्तू घडवावी असं मला फार वाटलं, म्हणून शेषेरावांना लिहिलं.

आता मला सांग, हे नेमकं होतं कसं? माझ्या डोळ्यांपुढे सारखं लहानपणचं रेणापूरच येतं. शिमग्याच्या आधी हलवायाच्या दारात आम्ही भावंडं उभी राहायचो. लाकडाचा साचा, त्यात आधीच आडवा ठेवलेला दोरा, वरून साखरेचा उकळता पाक. थोड्या वेळानं साचा उघडला की पांढरीशुभ्र गाठी. तुझी आई, चंद्रा, पदर पसरून तुटके तुकडे मागायची. तुझं यंत्र तसंच काही करतं का?

सविस्तर लिही. मला वेळच वेळ आहे.

तुझा मामा,
मार्तंड

---

नांदेड,
ता. ११ ऑगस्ट १९४५

तीर्थरूप मामा,

पायावर डोकं ठेवून सुरुवात करतो, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

यंत्र नवं नाही. कारखान्यानं मोठी यंत्रं आणली तेव्हा हे हातानं ओढायचं जुनं कोपऱ्यात पडलं होतं. सोबत कंगव्याचा एक साचा आणि एक पोतं दाणे मिळाले. हे दाणे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल आणि चकचकीत. निजामी हद्दीत शिरताना करोडगिरीच्या जकात नाक्यावर अंमलदारानं पोतं उघडलं. "ये क्या है जी, रंगीन शक्कर?" सध्या साखर रेशनवर, त्यामुळे त्याचा संशय वाजवी होता. मी म्हटलं, "खाने की चीज नहीं है साहब." तोवर त्यानं एक दाणा दाढेखाली घातला होता. बराच वेळ चावला, मग थुंकून म्हणाला, "इतनी खराब शक्कर? ले जाओ."

गंमत अशी की हे दाणे कापसाच्या लवेपासून करतात. काय सांगावं, नांदेडच्याच काळ्या रानातला कापूस विलायतेला जाऊन दाणे होऊन परत आला असेल.

आता ते होतं कसं. गाठीसारखं वरून ओतता येत नाही, मामा. वितळलेला हा रस पाकासारखा वाहत नाही, सैल कणकेसारखा जड असतो. त्याला रेटावं लागतं. एक उभी पोलादी नळी आहे, तिला बाहेरून मी स्टोव्हची आच देतो. नळीत दाणे. वरून एक दट्ट्या, आणि दट्ट्याला आईनं लिहिला तो दांडा. खाली निमुळती तोटी. तोटीखाली साचा, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या दोन पोलादी पाट्या, मध्ये कंगव्याच्या आकाराची पोकळी.

देगलूरच्या आपल्या मळ्यातली मोट आठवा. मोटेचं पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटात, आणि पाटाच्या तोंडाचं बारं फोडलं की वाफ्यात. इथेही तसंच. तोटीतून रस पाटात येतो, पाटातून बारीक बाऱ्यानं पोकळीत शिरतो, आणि तिथून एकेका दाताच्या सरीत. फरक एवढाच की पाणी निवांत जातं, आणि हा रस थंड पोलादाला लागल्या क्षणापासून थिजू लागतो. म्हणून दांडा एका दमात ओढायचा, आणि पोकळी भरली तरी दाबून धरायचा. लवकर सोडला तर रस आक्रसतो आणि कंगव्याच्या पाठीवर खड्डे पडतात.

हे सगळं मला मुंबईला नीट यायचं. इथे येईना. बाऱ्याजवळचे दात छान निघतात. टोकाकडचे आखूड राहतात, आणि शेवटच्या दाताच्या अर्धवट टोकावर जळाल्यासारखा काळा ठिपका. जळतंय म्हणून आच कमी केली, तर रस अर्ध्यात थिजला. आच वाढवली, तर रंग करपला आणि घरभर सिरक्याचा वास. नाना कचेरीतून आले आणि म्हणाले, "यंत्रात लोणचं घालून राहिलास का रे?"

माझ्या बाजूनं हयगय नाही. साच्याच्या दोन्ही तोंडांवर बारीक ओरखडे होते, कुणीतरी बेपर्वाईनं वापरलेला. मी ते काचपेपरनं घासघासून काढले. आता त्यात तोंड दिसतं. आणि दोन्ही पाट्या स्क्रूनं अशा आवळतो की मुंगीचा श्वासही बाहेर यायचा नाही.

तरी शेवटचा दात येत नाही.

तुमचा,
रेणुकादास

---

लातूर,
श्रावण शुद्ध द्वादशी

चिरंजीव रेणुकादास,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. थारोळं, पाट आणि बारं वाचून मला मोटेचा कुरकुर आवाज ऐकू आला, आणि देगलूरच्या चिंचांखालची दुपार आठवली. पण तू विचारतोस कंगव्याचं, आणि मी रमतो चिंचांत.

मी स्वस्थ बसलो नाही. गोलाईच्या बाजारात महादेवप्पा हलवायाकडे गेलो. त्याच्या घराण्यात गाठ्या पिढ्यान्‌पिढ्या. त्याला सगळं समजावलं, तू लिहिलंस त्याच शब्दांत. तो कढई घासता घासता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, शक्कर हाय का ते?"

"नाही रे. कापसाची लव."

"मंग मला काय इचारता? पिंजाऱ्याला इचारा."

पण मग त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "साचा पाण्यात भिजिवता का? आमी रातभर भिजिवतो. कोरड्या साच्यात माल धरतोय, शेंड्यापर्यंत जात न्हाई."

मला हे एकदम पटलं. तुझा रस शेंड्यापर्यंत जात नाही, तो धरतो. तेव्हा बाळा, साचा पाण्यात बुडवून, ओला असतानाच रस घाल. दांडा हळू ओढ. आपण एखाद्या कवितेची पहिली ओळ म्हणतो तसा. पोरं नेहमी पहिल्या ओळीला घाई करतात आणि चौथीला अडखळतात.

ओरखडे घासून काढलेस ते उत्तम केलंस. स्वच्छ वस्तूत स्वच्छ वस्तू घडते. मी फळा रोज ओल्या फडक्यानं पुसायचो, त्यावर अक्षर कसं मोत्यासारखं उठायचं.

लवकर कळव. इथे मी तुझ्या शेवटच्या दाताची वाट पाहतो, आणि माझा स्वतःचा शेवटचा दात हलतोय.

तुझा मामा,
मार्तंड

---

नांदेड,
ता. १ सप्टेंबर १९४५

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. आपण सांगितल्याप्रमाणे साचा ओला करून पाहिला. फारसा फरक पडला नाही. महादेवप्पांना माझा नमस्कार सांगा.

अक्षर वाईट आहे, टाक नवा आहे.

सध्या काम दोन दिवस बंद ठेवलं आहे. आई बरी आहे. नाना बरे आहेत. इकडे गोदावरीला पाणी चांगलं आहे.

तुमचा,
रेणुकादास

---

नांदेड,
भाद्रपद शुद्ध षष्ठी

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तुमच्या भाच्यानं तुम्हाला काय लिहिलं मला ठाऊक न्हाई. खरं काय ते मी लिहिते.

त्याच्या उजव्या हाताला पट्टी हाय. तो डाव्या हातानं लिहून राहिलाय. साचा पाण्यातून काढून तसाच यंत्राखाली ठेवला आणि दांडा ओढला. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि गरम रस फिसकारून मागं उडाला. नशीब तोंडावर न्हाई आला. मनगटापासून बोटांपर्यंत पोळलं. वैद्य म्हणतात नस शाबूत हाय, बोटं हलतील. मी दोन दिवस देवापुढून उठले न्हाई. आता तो बरा हाय, म्हणून लिहिते.

हे तुम्ही सांगितलं होतं असं त्यानं मला सांगितलं न्हाई. तुमचं पत्र मी उशीखाली पाहिलं. रागावले न्हाई मी. तुम्ही दोघं एकसारखे. एकाला पाक दिसतो, एकाला पाट दिसतो, समोरची वाफ कुणालाच दिसत न्हाई.

हे रोज संध्याकाळी पडवीत जातात, यंत्राभोवती फेरी मारतात, आखूड दातांचे कंगवे उचलून बघतात, परत ठेवतात. पण जळकोटचा हुकूम आलाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं. कागद देव्हाऱ्यात ठेवलाय, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

दादा, तुम्ही सांगितलं की तो ऐकतो. जळकोट काही वाईट न्हाई. सावलीतलं काम. पण कारकुनीचं नाव निघालं की पोरगं जेवत न्हाई, आणि यंत्राजवळ बसलं की भूक विसरतं. मी काय मागावं तेच कळत न्हाई. तुम्हीच ठरवून लिहा.

चंद्रप्रभा

---

लातूर,
भाद्रपद वद्य द्वितीया

चिरंजीव रेणुकादास,

तुझा हात कसा आहे? आधी ते लिही. डाव्या हातानं लिही, उजव्यानं लिही, आईला सांगून लिहव, पण खरं लिही. टाक नवा आहे म्हणे. मास्तराला अक्षरावरून फसवतोस?

महादेवप्पाला सांगितलं. तो कढईजवळून उठला. म्हणाला, "मास्तर, लाकूड पाणी पितंय. लोखंड कुठं पितंय? ह्ये मला आधी सुचाया पायजे हुतं." मग त्यानं दिवसभर भट्टी पेटवली नाही. मीही त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. पाण्यातली वाफ मला सुचली नाही, लाकूड आणि लोखंड मला एकच वाटलं. कवितेत ते चालतं.

आता मी तुला यंत्राबद्दल काही सांगणार नाही. जळकोटचं म्हणशील तर, गेलास तरी तू माझा भाचाच राहशील, आणि न गेलास तर शेषेरावांचा राग माझ्या डोक्यावर घेईन. तिथे केस नाहीत, राग बसायला जागा पुष्कळ आहे. आईनं मला ठरवायला सांगितलं. मी ठरवतो ते एवढंच की दसऱ्यापर्यंतचे दिवस तुझे आहेत, ते कुणी हिरावून घेऊ नयेत. हात बरा झाला असेल तरच दांड्याला लाव.

आणि एक. खंडेनवमीला आपल्या घरी पुस्तकं, तराजू, वजनं, सगळी पूजेला मांडतात. यंत्राचीही पूजा आईला करू दे. तुला पटत नसेल तरी. तिनं दोन दिवस देवापुढे काढले, तिला हातांना काहीतरी करायला हवं आहे.

जाता जाता एक आठवण, तुझ्या कामाची नाही. लांब वृत्तातली ओळ म्हणताना मध्ये जिथे थांबायचं, श्वास सोडायचा, त्याला यती म्हणतात. आमच्या वर्गात उद्धव नावाचा मुलगा होता. पाठांतर चोख. पण कधी थांबायचाच नाही. छाती भरून सुरू करायचा, ओळ रेटत न्यायचा, आणि शेवटची दोन अक्षरं घशात अडकायची. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मला वाटायचं याला शेवटची अक्षरं येत नाहीत. मी त्याच्याकडून तीच पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचो. एक दिवस तो थकून मध्येच थांबला, निःश्वास टाकला, आणि उरलेली ओळ शेवटापर्यंत गेली. त्याला अक्षरं येतच होती. नको तिथे मी मेहनत घेत होतो.

हात जपून.

तुझा मामा,
मार्तंड

---

नांदेड,
ता. २२ ऑक्टोबर १९४५

तीर्थरूप मामा,

उजव्या हातानं लिहितो आहे. पाहा अक्षर. बोटांची कातडी अजून गुलाबी आहे, पण बोटं टाक धरतात.

सोबत पुडी आहे. ती आधी उघडू नका. पत्र पुरं करा.

खंडेनवमीला आईनं यंत्र धुतलं, पुसलं, दांड्याला झेंडूची माळ घातली. तोटीला कुंकू लावलं. साचा पाटावर उघडा ठेवून त्याच्या खालच्या पाटीभोवती हळदीत भिजवलेलं सूत गुंडाळलं. मी पाहत होतो. अडवलं नाही, तुमचं पत्र वाचलेलं होतं. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, म्हणून मीही बसून राहिलो. कितीतरी दिवसांनी नुसता बसलो.

दसऱ्याच्या सकाळी स्टोव्ह पेटवला. सूत काढायला गेलो तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे ते. पूजेचं सूत संध्याकाळपर्यंत काढत न्हाईत."

"अगं, मध्ये सूत आलं तर पाट्या नीट मिटणार नाहीत."

"आजवर नीट मिटून काय उजेड पडला?"

मनात म्हटलं, शेवटचा दिवस, आईचं मन राहू दे. सूत तसंच ठेवून पाट्या आवळल्या. एक पदर नेमका शेवटच्या दातांच्या टोकावरून आडवा गेला होता. नळी तापली. दांडा ओढला, दाबून धरला. पोळलेली कातडी ताणली जात होती. साचा निवला, स्क्रू सोडले.

मामा, सगळे दात होते. शेवटचासुद्धा, टोकापर्यंत. काळा ठिपका नाही. फक्त सुताच्या जागी दातांच्या टोकाशी एक पातळ पापुद्रा आणि हळदीची पिवळी रेघ.

मी हाक मारली की नाही आठवत नाही. आई पिठाच्या हातानं आली. तिनं कंगवा घेतला, एकेक दात चाचपला, आणि तिथेच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "देवीनं ऐकलं." त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून नाना परतले. सगळे आपट्याची पानं देत होते. मी पान दिलं आणि पानाखाली कंगवा. नानांनी पान खिशात ठेवलं. कंगवा दिव्याजवळ नेला. उलटा केला, सुलटा केला. पापुद्रा नखानं काढून टाकला. त्यांना ओळखता तुम्ही. मला वाटलं आता म्हणतील, कलम अमुकप्रमाणे हळदीची रेघ मंजूर नाही. त्यांनी आरशासमोर जाऊन मिशांवरून कंगवा फिरवला. डावी मिशी, मग उजवी. मग देव्हाऱ्यातून जळकोटचा कागद काढला आणि आईला म्हणाले, "इस्त्रीच्या कपड्यांखाली घालायला कागद लागतो म्हणत होतीस ना?"

आई आत गेली. तिला रडायचं असलं की ती भांडी घासते. त्या रात्री घरातली सगळी भांडी दोनदा घासली गेली.

पण मामा, एक कंगवा निघाला म्हणजे यंत्र चाललं असं नाही. दुसऱ्या दिवशी सूत काढून पाहिलं. पुन्हा आखूड दात. सूत ठेवलं, पुन्हा पूर्ण. पुन्हा काढलं, पुन्हा आखूड. मी पडवीत डोक्याला हात लावून बसलो, आणि मला तुमचा उद्धव आठवला. छाती भरून ओळ रेटणारा.

साचा रिकामा कधीच नसतो. त्यात हवा असते. रस शिरतो तेव्हा हवेला पुढे लोटतो. पाटातलं पाणी उघड्या रानात जातं, तिथे हवा वर निघून जाते, म्हणून मोटेवर कुणाला हवेचा विचार करावा लागत नाही. माझा साचा मात्र चहूबाजूंनी बंद. हवा शेवटच्या दाताच्या कोपऱ्यात जाऊन अडकते, दाबली जाते, तापते. मी दांड्यावर जितका जोर लावीन तितकी ती आत जास्त घट्ट बसते. काळा ठिपका आचेनं पडत नव्हता. कोंडलेल्या हवेनंच रसाला भाजलं होतं. सुताच्या पदरानं दोन पाट्यांमध्ये केसाएवढी फट ठेवली, आणि तिथून हवा निघून गेली. रस जाड असतो, तो त्या फटीतून जवळपास जात नाही. फक्त पातळ पापुद्रा.

आणि मग आठवलं ते आठवून मी स्वतःवरच हसलो. ते ओरखडे. साच्याच्या तोंडावरचे, मी काचपेपरनं घासून काढलेले. कुणाची बेपर्वाई नव्हती ती. कुणीतरी मुद्दाम, हवेला वाट म्हणून, दातांच्या टोकापासून काठापर्यंत ओढलेल्या रेघा होत्या. मी साचा इतका स्वच्छ केला की त्याचा श्वासच बंद केला. आणि तुम्ही लिहिलंत, उत्तम केलंस.

आता सुईनं नव्या रेघा ओढल्या आहेत, अगदी नखाला लागतील न लागतील अशा. सूत काढून टाकलं आहे. आई म्हणते तिला सूतच जास्त भरवशाचं वाटतं. तिच्यासाठी ते दांड्याला बांधून ठेवलं आहे. कंगवे निघत आहेत. पूर्ण, लाल, चकचकीत.

आता पुडी उघडा. हा दसऱ्याचा पहिला. नानांनी मिशांना लावलेला. तुम्हालाच द्यायचा असं सगळ्यांनी ठरवलं. नाना म्हणाले, "मार्तंडरावांना कंगवा? कुठं लावतील?" आई म्हणाली, "त्याची काळजी तुम्हाला नको."

तुमचा,
रेणुकादास

---

लातूर,
आश्विन वद्य चतुर्दशी

चिरंजीव रेणुकादास,

पत्र पुरं वाचूनच पुडी उघडली. तुझ्या मामाला शिस्त आहे, फक्त वेळ लागतो.

शेषेरावांना सांग, कंगवा कुठे लावायचा याचा मी बंदोबस्त केला आहे. माझ्या शालीच्या दशा विस्कटतात, त्या मी रोज सकाळी विंचरतो. महादेवप्पाला दाखवला. त्यानं उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, "पानी न्हाई घातलं ना?" तुझ्या हाताची चौकशी केली. दिवाळीच्या पहिल्या घाण्यातली चकली तुमच्याकडे पाठवणार आहे, कुणी येणारं मिळालं की.

ओरखड्यांचं वाचून मला माझा फळा आठवला. मी रोज ओल्या फडक्यानं लख्ख पुसायचो, आणि उद्धवाच्या पाटीवरही डाग नको म्हणून त्याला पुन्हा पुसायला लावायचो. बरं झालं, तो स्वतःच एक दिवस थांबला.

दोन ओळी झाल्या आहेत. भुजंगप्रयातात बसतात, मोजून बघ. मुलांना शिकवायच्या नाहीत, तुझ्या पडवीच्या भिंतीला लाव.

मुखी तप्त धारा, तळी गार साचा,
न वाऱ्यास रस्ता, कसा दात याचा.

चंद्राला सांग की तिनं मला ठरवायला सांगितलं होतं, आणि ठरवलं तिच्या सुतानं. मला फार हलकं वाटतं आहे. गेले दोन महिने रोज झोपताना तुझा हात डोळ्यांपुढे यायचा, कधी पट्टीतला, कधी जळकोटच्या दौतीतला. काल पहिल्यांदा काहीच आलं नाही. सरळ उजाडलं.

आत्ता लिहिताना कंगवा डाव्या हातात आहे. त्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं की टिर्र असा आवाज येतो. पहिल्या दातापासून सुरू होतो, चढत जातो, हळदीची रेघ लागते, आणि मग शेवटचा दात. तोही वाजतो. मी पुन्हा पुन्हा वाजवून पाहतो आहे. समोरच्या घरातलं पोर येऊन विचारून गेलं, आजोबा, काय करून राहिलात. म्हटलं, पाठांतर ऐकतोय.

तुझा मामा,
मार्तंड